डाळिंबाने कुत्र्याचे रक्त वाढते का?

वाचकाचे पत्र : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. आमचा बिट्टू हा पाच वर्षांचा, नऊ किलो वजनाचा स्पिट्झ आहे. गेल्या महिन्यात त्याला गोचीडताप झाला. तपासणीत हिमोग्लोबिन ८.५ निघाले, प्लेटलेटही कमी होत्या. डॉक्टरांनी दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अजून चालू आहेत. सासूबाईंचा त्याच्यावर फार जीव आहे. ‘रक्त कमी झालंय, डाळिंब द्या’ असे म्हणून त्या रोज दुपारी वाटीभर दाणे सोलून त्याला स्वतःच्या हाताने भरवतात. परवा संध्याकाळी त्याला लाल उलटी झाली. आम्ही फार घाबरलो, पण तासाभरात तो शेपटी हलवत फिरू लागला, म्हणून दवाखान्यात नेले नाही. डाळिंब कुत्र्यांना विषारी असते का? त्याने खरोखर रक्त वाढते का? शेजारच्या काकू डाळिंबाच्या सालीचा काढा पाजायला सांगत आहेत, तो द्यावा का? आणि सासूबाईंना न दुखावता हे सगळे कसे सांगावे? – एक वाचक भगिनी

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढे देतोच, पण त्याआधी एक विनंती आहे. हे उत्तर वाचून झाल्यावर बिट्टूला आजच आपल्या डॉक्टरांकडे न्या आणि त्याचे रक्त पुन्हा तपासून घ्या. एरवी एखाद्या धडधाकट कुत्र्याने डाळिंब खाऊन लाल उलटी केली आणि तासाभराने तो हुंदडू लागला, तर मी घरीच लक्ष ठेवायला सांगितले असते. बिट्टूची गोष्ट वेगळी आहे. गोचीडतापात, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या या आजारात, प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्राव थांबवण्यात त्यांचाच मोठा वाटा असतो. निरोगी कुत्र्यात त्यांची संख्या रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे साधारण दोन ते पाच लाख असते. ती तीस ते पन्नास हजारांच्याही खाली उतरली तर काही न लागता, न खुपता, नाकातून, हिरड्यांतून किंवा पोटात रक्तस्राव सुरू होऊ शकतो. त्यामुळे परवाची लाली बहुधा डाळिंबाचीच असली, तरी ‘बहुधा’ एवढ्यावर या कुत्र्याच्या बाबतीत थांबणे मला योग्य वाटत नाही.

डाळिंबाची लाली आणि रक्ताची लाली यांतला फरक घरच्या घरी थोडाफार ओळखता येतो. डाळिंबाची उलटी पातळ, गुलाबीकडे झुकणारी असते, तिला आंबट वास येतो आणि तिच्यात अख्खे किंवा अर्धवट चावलेले दाणे आणि त्यांतल्या फिकट बिया दिसतात. ताजे रक्त चिकट असते, त्याच्या गाठी धरतात. पोटात काही वेळ राहिलेले रक्त मात्र लाल न दिसता कॉफीच्या चोथ्यासारखे तपकिरी-काळे होऊन बाहेर पडते, आणि तेच आतड्यांतून पुढे गेले तर शी डांबरासारखी काळी व चिकट होते. आणखी एक साधी खूण अशी की, कापसाच्या बोळ्यावर तो लाल द्रव टिपून त्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकले, तर डाळिंबाचा रंग निळसर-हिरवट, काळपट होत जातो, कारण त्या रंगद्रव्याचा स्वभावच आम्लात लाल आणि सोड्यात निळसर होण्याचा आहे. रक्ताचा रंग असा बदलत नाही. मात्र या खुणेवरून एवढेच कळते की उलटीत डाळिंब आहे. त्यात रक्त मिसळलेलेच नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून पुन्हा असे झाले, तर फरशी पुसण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा, थोडा नमुना डबीत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. त्याच वेळी बिट्टूचा ओठ हळूच वर करून हिरड्या पाहा. त्या गुलाबी आहेत की पांढुरक्या पडल्या आहेत, त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का, पोटाच्या केस नसलेल्या कातडीवर जांभळे डाग आहेत का, हे नीट उजेडात पाहा. असे ठिपके किंवा डाग दिसले, तर सकाळची वाट पाहू नका.

आता डाळिंबाविषयी. पिकलेल्या डाळिंबाचे दाणे कुत्र्यांना विषारी नसतात. द्राक्षे आणि बेदाणे यांच्या बाबतीत मूत्रपिंडे निकामी होण्याचा जो गंभीर धोका असतो, तो डाळिंबाच्या दाण्यांत नाही. ही दोन्ही फळे एकाच फ्रूट चाटमध्ये शेजारी बसतात, म्हणून यातला भेद सांगणे आवश्यक आहे. द्राक्षांतले नेमके काय बाधते, हे अनेक वर्षे कोडे होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील प्राणी-विषविज्ञानाच्या तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले आणि त्यानंतर चिंच खाऊनही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना तसाच अपाय झाल्याची नोंद झाली, कारण चिंचेतही हेच आम्ल भरपूर असते. डाळिंबाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा असतो. तेव्हा सासूबाईंनी त्याला विष घातले, अशी भीती आपण किंवा त्यांनी क्षणभरही मनात ठेवू नये. उलट, आपल्या मराठी घरात जपायचे ते सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि चिंचगुळाची आमटी यांना. प्रसाद आहे म्हणून चिमूटभर शिरा कुत्र्यापुढे ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. भावना फार चांगली आहे, पण बेदाण्याची किती मात्रा कोणत्या कुत्र्याला बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही बेदाणा देऊ नये.

विषारी नाही म्हणजे वाटीभर चालेल, असे मात्र नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे ८३ कॅलरी, जवळजवळ १४ ग्रॅम साखर आणि ४ ग्रॅम तंतू असतात. मध्यम वाटीत दीडशे ग्रॅम दाणे धरले, तर सव्वाशे कॅलरी झाल्या. नऊ किलोच्या प्रौढ कुत्र्याची दिवसाची गरज साडेपाचशे ते सहाशे कॅलरींची असते आणि मुख्य आहाराव्यतिरिक्तचा खाऊ तिच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, असा आम्हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे बिट्टू रोज त्याच्या दुप्पट खात होता. सासूबाईंनी स्वतः एका बैठकीत सहा-सात वाट्या डाळिंब खाल्ले असते, तर त्यांच्या पोटाचे जे झाले असते, तेच वजनाच्या मानाने बिट्टूचे झाले. त्यातच या दाण्यांतल्या बिया कडक असतात, कुत्री त्या नीट चावत नाहीत आणि त्यांच्या पोटात त्या पचत नाहीत. फळातली आम्ले व टॅनिन नावाचे तुरट द्रव्य जठराच्या अस्तराला चुरचुर लावतात. उलटी किंवा पातळ शी झाली नसती तरच नवल. आपण त्याची शी पाहिली असेल, तर त्यात जशाच्या तशा बिया दिसल्या असतील.

या उलटीचे दुसरे एक कारण आपल्या पत्रातच आहे आणि माझ्या मते त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. डॉक्सिसायक्लिन ही गोळी रिकाम्या पोटी दिली, तर मळमळ आणि उलटी होणे अगदी नेहमीचे आहे. ती कोरडीच गिळवली आणि अन्ननलिकेत अडकली, तर तिथे जखमही होते. म्हणून ती जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर द्यावी, आणि वरून थोडे पाणी किंवा दोन-चार घास जातील असे पाहावे. आपल्याकडे गोळी पेढ्यात किंवा दह्यात लपवून देण्याची युक्ती फार चालते. परंतु दुधातल्या कॅल्शियमशी हे औषध बांधले जाते आणि त्याचे शोषण कमी होते, म्हणून या गोळीपुरती ती युक्ती सोडा. मऊ भाताच्या किंवा उकडलेल्या बटाट्याच्या लहान गोळ्यात ती चांगली लपते. लोहाचे टॉनिक चालू असेल, तर तेही या गोळीच्या वेळेपासून दोन-तीन तास दूर ठेवावे, कारण लोहही या औषधाला बांधून ठेवते. उलटी गोळीनंतर लगेच झाली होती का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. डोस वाया गेला का आणि गोळ्यांचे दिवस वाढवायचे का, हे ते ठरवतील. हा उपचार बहुतेक वेळा चार आठवड्यांचा असतो आणि कुत्रा ताजातवाना दिसू लागला म्हणून तो मध्येच थांबवता कामा नये.

आता सासूबाईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण त्यांनी डाळिंब दिले ते लाड म्हणून नाही, औषध म्हणून दिले. डाळिंबाने रक्त वाढते, ही समजूत त्याच्या रंगामुळे पक्की झाली असावी. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असते, म्हणजे नावापुरतेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, बिट्टूचे रक्त लोह कमी पडल्यामुळे कमी झालेले नाही. तपकिरी गोचीड चावते, तेव्हा तिच्या लाळेतून एर्लिचिया नावाचे जिवाणू किंवा बॅबेशिया नावाचे परजीवी कुत्र्याच्या रक्तात शिरतात. बॅबेशिया थेट तांबड्या पेशींत घुसून त्या फोडतो. एर्लिचिया पांढऱ्या पेशींत राहतो, प्लेटलेटचा नाश घडवतो आणि आजार लांबला तर हाडांतल्या मगजावर, म्हणजे जिथे रक्त तयार होते त्या ठिकाणीच, घाला घालतो. दोन्हींत शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाही चवताळून आपल्याच पेशींवर उठते. अशा वेळी बाहेरून कितीही लोह घातले, तरी जोवर जंतू आटोक्यात येत नाहीत तोवर रक्त भरून येत नाही. आणि ते आटोक्यात आले की मगज आपले काम पुन्हा सुरू करतो, मग काही आठवड्यांत हिमोग्लोबिन १२च्या वर, म्हणजे कुत्र्याच्या सामान्य पातळीवर, येऊ लागते. बिट्टूचे रक्त वाढवणारी वस्तू आत्ता त्याच्या गोळ्यांच्या पाकिटात आहे. बॅबेशियाची चाचणी झाली होती का, हे मात्र डॉक्टरांना विचारा, कारण त्याचे औषध वेगळे असते आणि दोन्ही संसर्ग एकाच कुत्र्यात असू शकतात.

जीवनसत्त्व ‘क’ मिळावे म्हणून फळ द्यावे, हेही अनेक जण म्हणतात. कुत्र्याचे यकृत हे जीवनसत्त्व स्वतः तयार करते; माणसासारखे त्याला ते बाहेरून घ्यावे लागत नाही. या दिवसांत त्याला हवी आहेत ती चांगली प्रथिने. आपल्याकडे चालत असेल, तर उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेले, मीठ-मसाला न घातलेले उकडलेले चिकन मऊ भाताबरोबर द्या. घर शाकाहारी असेल, तर चांगल्या प्रतीचा तयार समतोल आहार आणि गोळीची वेळ टाळून थोडे ताजे पनीर द्या.

सालीचा काढा मात्र मुळीच देऊ नका. काकूंचा सल्ला जुन्या घरगुती औषधांतून आलेला आहे हे मला ठाऊक आहे आणि माणसांच्या जुलाबांवर ही साल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. परंतु सालीत टॅनिन फार मोठ्या प्रमाणात असते. आधीच चुरचुरणाऱ्या जठराला ते आणखी त्रास देते आणि अन्नातले लोह बांधून ठेवते, म्हणजे ज्या हेतूने डाळिंब सुरू केले त्याच्याच आड येते. डाळिंबाच्या मुळाच्या व खोडाच्या सालीत पेलेटिएरिनसारखी अल्कलॉइडे, म्हणजे तीव्र परिणाम करणारी वनस्पतिद्रव्ये, असतात. पूर्वी ती पट्टकृमींवर, म्हणजे आतड्यांतल्या फितीसारख्या जंतांवर, औषध म्हणून दिली जात, पण मात्रा थोडी चुकली की उलट्या, चक्कर आणि स्नायूंची दुर्बलता होई, म्हणून तो उपचार मागे पडला. कुत्र्याच्या शीमध्ये तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमीचे असतात, पिसवांमधून येतात आणि प्राझिक्वांटेलच्या गोळीने जातात. त्यासाठी साल उकळण्याची गरज नाही.

साल आणखी एका वाटेने बिट्टूच्या पोटात जाऊ शकते. आपल्या शहरात प्रत्येक घरी ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा असतो आणि सकाळी गाडी येईपर्यंत तो स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा मागच्या ओसरीत उभा असतो. रोज डाळिंब सोलले जाते, म्हणजे त्या डब्यात रोज साल आहे. चिवट सालीचे मोठे तुकडे गिळले, तर ते लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकू शकतात. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस झाला की उरलेली बुरकुंडे आणि उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी ही तर आतडे बंद पडण्याची आम्हा पशुवैद्यांना फार परिचित कारणे आहेत. मक्याचे बुरकुंड पचत नाही, एक्स-रेमध्ये चटकन दिसत नाही आणि बरेचदा शस्त्रक्रिया करूनच काढावे लागते. डब्याला घट्ट झाकण बसवा किंवा तो उंचावर ठेवा. पाणीसुद्धा न टिकता वारंवार उलट्या होणे, शी बंद होणे, पोटाला हात लावू न देणे, पुढचे पाय जमिनीवर टेकून मागचा भाग उंच धरून बसणे, यांपैकी काहीही दिसले तर पोटात काही अडकल्याची शंका घ्यावी आणि वेळ न घालवता दवाखाना गाठावा. अशा वेळी उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजू नये. रक्तातले सोडियम एकदम वाढून झटके येतात. पोट दुखत असेल म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळीही देऊ नये. आयबुप्रोफेनने जठरात रक्तस्राव होतो आणि प्लेटलेट कमी असलेल्या कुत्र्यात तो जिवावर बेतू शकतो.

आणखी एक गोष्ट इंदूरकरांना सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे सकाळच्या पोह्यांवर शेव, जीरावन आणि डाळिंबाचे दाणे यांच्या बरोबरीने बारीक चिरलेला कच्चा कांदा असतो आणि कागदी द्रोणात उरलेले दोन घास कुत्र्यापुढे ठेवले जातात. कांदा, मग तो कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशींना आतून इजा करतो आणि त्या फुटतात. लसणाचेही तसेच आहे. निरोगी कुत्र्यात वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तावर परिणाम दिसू लागतो, आणि थोडा थोडा कांदा रोज खाल्ला तरी तो साठत गेल्यासारखा बाधतो. ज्याचे हिमोग्लोबिन आधीच ८.५ वर आले आहे, त्याच्यासाठी मी यातला एक तुकडाही मान्य करणार नाही. घरातल्या सगळ्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही, हे बजावून ठेवा.

सासूबाईंना काय सांगावे, हे आपण फार आस्थेने विचारले आहे. माझे मत असे की त्यांना ‘हे देऊ नका’ असे सांगण्याऐवजी त्यांच्या हाती दुसरे काम द्यावे, कारण रोज दुपारी बिट्टूजवळ बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवणारे माणूस घरात असणे ही या आजारात मोठी जमेची बाजू आहे. ज्या वेळी त्या डाळिंब सोलत होत्या, त्याच वेळी त्यांनी त्याच्या अंगावरच्या गोचिडी शोधाव्यात. स्पिट्झच्या दाट केसांत त्या वरून दिसत नाहीत. बोटांच्या टोकांनी कातडीवर चाचपावे लागते. कानांच्या आतल्या घड्या, पट्ट्याखालची मान, पायांच्या बोटांमधली जागा, काखा आणि शेपटीखालचा भाग या ठिकाणी त्या हमखास सापडतात. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये, पेटती उदबत्ती लावू नये आणि ती बोटांत चिरडू नये. ही गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगांत, पलंगाच्या सांध्यांत जाऊन बसते. मादी तिथेच हजारो अंडी घालते. म्हणून जिथे बिट्टू झोपतो, तिथल्या भेगा बुजवणे आणि त्याचे अंथरूण उकळत्या पाण्यात धुणे हेही औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. फ्लुरालॅनरसारख्या गोळ्या मिळतात, त्यांच्या एका मात्रेचा गोचिडींवर सुमारे बारा आठवडे परिणाम राहतो. मात्र बिट्टूला कधी झटके आले असतील, तर अशी गोळी देण्याआधी ते डॉक्टरांना सांगा. गोळ्यांची वेळ सांभाळणे आणि रोज एकदा त्याच्या हिरड्यांचा रंग पाहणे, ही दोन कामेही सासूबाईंकडेच सोपवा. रक्ताचा पुढचा अहवाल आला की तो त्यांना स्वतः वाचून दाखवा. हिमोग्लोबिनचा आकडा चढलेला त्यांना कळायलाच हवा.

डाळिंब कायमचे बंद करायचे का? आत्ता पूर्ण बंद ठेवा. औषधे संपून रक्त सामान्य झाले आणि पोट ठीक असले, तर आठवड्यातून एकदा-दोनदा लहान चमचाभर दाणे, आतले पांढरे पापुद्रे आणि साल काढून, किंचित ठेचून द्यायला माझी हरकत नाही. तेवढ्यानेही पोट बिघडले तर पुन्हा देऊ नका, त्यावाचून त्याचे काही अडत नाही. पिल्लांना, मधुमेह असलेल्या कुत्र्यांना आणि पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झालेल्यांना तेवढेही देऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे. ठेल्यावरचा किंवा डबाबंद डाळिंबाचा रस कोणत्याच कुत्र्याला देऊ नका. त्यात साखर किंवा काळे मीठ घातलेले असते, आणि ‘शुगर फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही पदार्थात झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य असले, तर त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात धोकादायक पातळीवर उतरू शकते आणि पुढे यकृतालाही इजा होऊ शकते.